हेलकाव्याला जागा

रविवारी सकाळी रस्ता गाड्यांना बंद झाला की पहिला फरक कानाला कळतो. एरवी जिथे शेजारच्याशी बोलायलाही आवाज चढवावा लागतो, तिथे फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू येते. पायडल थांबवून सायकल नुसती पळू दिली की मागच्या चाकातून येणारा तो बारीक आवाज शहरातल्या कितीतरी मुलांनी स्वतःच्या सायकलीतून कधी ऐकलेलाच नसतो. त्यांची सायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मधून फिरते. पायडल सोडून सायकल पळू द्यावी इतकी सरळ जागाच तिथे नसते.

मग बाकीचे आवाज येऊ लागतात. चेन कव्हरला घासते आहे. मडगार्डचा एक स्क्रू सैल आहे. चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदाच 'सुक्' होतं आहे, म्हणजे चाकाला आऊट आहे, ते सरळ न फिरता डुलतं आहे आणि रिम एका ठिकाणी ब्रेकच्या रबराला चाटून जाते आहे. अशा सकाळी दहा मिनिटं कान देऊन उभं राहिलं तर समोरून जाणाऱ्या निम्म्या सायकलींना काय दुखतंय ते सांगता येतं.

मुंबई पोलिसांनी २७ मार्च २०२२ च्या रविवारी शहरातले सहा रस्ते सकाळी दोन तासांसाठी लोकांना मोकळे करून दिले. नरिमन पॉइंटपासून मुलुंडपर्यंत. त्याआधी २०१४ मध्ये वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर नागरिकांच्या पुढाकाराने असाच प्रयोग झाला होता, आणि गुरगावमध्ये 'राहगिरी' या नावाने असेच मोकळ्या रस्त्यांचे रविवार १७ नोव्हेंबर २०१३ ला सुरू झाले होते. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेने लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा तुकडा पादचाऱ्यांना दिला. तो दिवस सायकलींचा नव्हता, पण लक्ष्मी रस्त्याच्या मधोमध उभं राहून दुकानांच्या पाट्या वाचता येतात हे अनेकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असेल.

या सगळ्यांचं मूळ शोधत गेलं तर दोन ठिकाणं लागतात. तेलटंचाईमुळे हॉलंडने ४ नोव्हेंबर १९७३ पासून काही रविवार मोटारी बंद ठेवल्या आणि लोक हमरस्त्यावर सायकली घेऊन उतरले. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १५ डिसेंबर १९७४ ला सायकलप्रेमींनी काही तास रस्ते मागून घेतले. हॉलंडचे ते रविवार तेलाबरोबर संपले, बोगोटाचा मात्र टिकला. आज तिथे दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते चाकांना आणि पावलांना मोकळे असतात. तिथलं कौतुक किलोमीटरचं होतं, पण शिकण्यासारखी गोष्ट चौकांची आहे. आडव्या रस्त्यांची वाहतूक तिथे तोडत नाहीत. प्रत्येक चौकात गणवेशातली माणसं उभी असतात. ती सायकलवाल्यांना थांबवतात, गाड्यांना आडवं जाऊ देतात, मग सायकली सोडतात. शहराचे दोन तुकडे होत नाहीत, म्हणून शहर दर आठवड्याला हे सोसतं. वर्षातून एकदा केलेला सोहळा कुणीही सोसतो. मुलाला सायकल यायची तर रविवारामागून रविवार लागतात.

आता मूळ मुद्दा. मूल सायकलवर सरळ जात नाही. सायकल डावीकडे कलली की हँडल डावीकडेच वळवावं लागतं, तेव्हा चाकं पडणाऱ्या अंगाखाली येतात आणि तोल सावरतो. मग ती उजवीकडे कलते, हँडल उजवीकडे. मोठी माणसंही हेच करतात, फक्त वेगात असल्यामुळे त्यांना केसभर वळवलं तरी पुरतं. वेग जितका कमी तितकं हँडल जास्त वळवावं लागतं. पाच वर्षांचं मूल हळू जातं, म्हणून नागमोडी जातं. त्याचा हेलकावा ही चूक नाही, तोच त्याचा तोल आहे. त्याला "सरळ चालव, सरळ चालव" म्हणून काही होत नाही. "लांब बघ" आणि "पायडल मार" हे दोनच शब्द कामाचे, कारण नजर चाकावरून उठली आणि वेग थोडा वाढला की हेलकावा आपोआप आवरतो.

हा हेलकावा मोजता येतो. रस्त्यावर लोटाभर पाणी ओतावं आणि मुलाला त्यातून जाऊ द्यावं. पुढे कोरड्या डांबरावर दोन ओल्या रेघा उमटतात. पुढच्या चाकाची रेघ जास्त वळणं घेते, मागच्याची त्या मानाने शांत असते, आणि दोघी वेणीच्या पेडांसारख्या एकमेकींना छेदत जातात. शिकाऊ मुलाच्या रेघांचा पट्टा सहज चार-पाच विती रुंद भरतो. तीन-चार रविवारांनी तोच पट्टा वीत-दीड वीत उरतो. रोजच्या रस्त्यावर बस आपल्या कोपरापासून जेमतेम हातभर अंतरावरून जाते. तिथे या मुलाला जागा नाही. बंद रस्ता ती जागा देतो, आणि त्या सकाळची सगळी तयारी, घरातली आणि चौकातली, त्या पाच वितींसाठी करायची असते.

घरातली तयारी शनिवारी संध्याकाळी करावी. रविवारी सकाळी सायकलचं दुकान बंद असतं.

आधी मापाचं बघू. आपल्याकडे वाढत्या अंगाचे कपडे घेतात तशी वाढत्या अंगाची सायकल घेतात. कपडे ढगळ झाले तर बाही दुमडता येते, सायकलची नळी दुमडता येत नाही. साधारण बारा इंची चाक तीन-चार वर्षांना, सोळा इंची चार ते सहाला, वीस इंची सहा ते नऊला बसतं, पण वयापेक्षा उंची खरी. सीट सगळ्यात खाली घेतल्यावर शिकाऊ मुलाचे दोन्ही तळपाय पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत. चालवता येणाऱ्या मुलाचे फक्त चवडे टेकले तरी चालतात, आणि पायडल सगळ्यात खाली असताना गुडघ्यात किंचित वाक राहिला पाहिजे. सीट फार खाली राहिली तर गुडघे हँडलला लागतात आणि मूल पाच मिनिटांत दमतं. "याला दमच नाही" असं घरचे म्हणतात, पण खोट सीटमध्ये असते. सीट वर घेताना दांड्यावर आडवी खूण कोरलेली असते, ती नळीच्या बाहेर दिसता कामा नये. खूण दिसली म्हणजे आत दांडा पुरेसा उरलेला नाही, आणि खड्ड्यात आदळल्यावर सीट दांड्यासकट मोडू शकते.

बाजूच्या छोट्या चाकांविषयी जरा सविस्तर लिहायला हवं, कारण बहुतेक रडारड त्यांच्यापायी होते. ती चाकं सायकलला कलूच देत नाहीत. वळताना सायकल वळणाच्या आत कलायला हवी, इथे ती ताठ राहते, मुलाचं अंग बाहेर फेकलं जातं आणि सायकल बाहेरच्या बाजूला उलटते. शिवाय पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता केलेला असतो. कडेच्या खोलगटात दोन छोटी चाकं दोन उंचवट्यांवर टेकतात, मागचं मोठं चाक अधांतरी होतं, आणि मूल जिवाच्या आकांताने पायडल मारतं तरी सायकल जागची हलत नाही. मागचा ब्रेकही अशा वेळी कामाचा नाही. आईबाबा काळजीपोटी मुलाला कडेकडेने चालव म्हणतात. बंद रस्त्यावर अशा सायकलीने जरा मधूनच जावं. छोटी चाकं जमिनीपासून बोटभर वर घेतली तर मूल थोडं कलायला शिकतं.

याहून चांगला उपाय म्हणजे छोटी चाकं आणि पायडलं दोन्ही काढणं. पंधरा नंबरचा पाना बहुतेक पायडलांना लागतो. इथे एक गोम आहे: डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. ते लक्षात ठेवायची सोपी रीत अशी की पान्याची मूठ वर धरावी आणि सायकलच्या मागच्या चाकाकडे ओढावी. दोन्ही पायडलं मागे ओढली की सुटतात, पुढे ढकलली की आवळतात. नेहमीच्या सवयीने डावं पायडल उलटं फिरवत बसलं तर ते आणखी आवळतं, आणि जोर लावला तर आटे मरतात. पायडलं निघाली की सीट खाली घ्यावी आणि मुलाला पायांनी रेटत जाऊ द्यावं. आधी चालल्यासारखं, मग उड्या मारल्यासारखं, मग पाय उचलून दोन-तीन सेकंद. ते दोन-तीन सेकंद आठ-दहा झाले की पायडलं परत लावायची. आधीच्या पिढ्या मोठ्या माणसाच्या सायकलीवर दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकल्या, तेव्हाही आधी तोल आणि मग पायडल हाच क्रम होता.

ब्रेकची मूठ दाबून बघताना आपला हात वापरू नये. मुलाचा वापरावा. त्याची बोटं मुठीपर्यंत पोचतात का, आणि पूर्ण दाबल्यावर मूठ हँडलला टेकायच्या आधी चाक थांबतं का? पुष्कळ मुठींना आतल्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, तो आवळला की मूठ हँडलच्या जवळ येते. ब्रेकची रबरं रिमवरच बसली पाहिजेत. वर सरकून टायरला घासत असतील तर टायरची बाजू कापत जातात, आणि एक दिवस ट्यूब तिथून बाहेर येऊन फुटते.

हवेचं गणित साधं आहे. अनेक साध्या सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये आत रबराची बारीक नळी असते. सायकल दोन-तीन महिने गॅलरीत उभी असेल तर ती नळी वाळून चिरते. शनिवारी भरलेली हवा रविवारी सकाळी गेलेली असते आणि पंक्चर शोधत बसलं तर सापडत नाही. व्हॉल्व्हच्या तोंडावर बोटाने थुंकी लावावी. बुडबुडा आला तर नळी बदलायची, अगदी किरकोळ किमतीची वस्तू आहे. हवा किती भरायची तो आकडा टायरच्या बाजूला छापलेला असतो. पेट्रोल पंपावरच्या मशीनने मुलांच्या सायकलीत हवा भरू नये. ट्यूब इवलीशी, मशीनचा जोर गाडीच्या टायरसाठीचा, डोळ्याचं पातं लवायच्या आत ती फुटते. हातपंप बरा.

चेन मधोमध बोटाने वर-खाली केली तर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर हलावी. त्याहून सैल असेल तर उतरते, अगदी ताठ असेल तर सायकल जड जाते. तेलासाठी शिलाई मशीनचं तेल उत्तम. खोबरेल घालू नये, थंडीत ते थिजतं आणि धूळ धरून त्याचा काळा चिकटा होतो. एकेका कडीवर एक थेंब, पायडल उलटं फिरवायचं, मग फडक्याने वरचं सगळं पुसून काढायचं. तेल कडीच्या आत हवं, बाहेर राहिलेलं फक्त माती आणि पायजमा गोळा करतं.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, हनुवटीखाली पट्ट्यात एक बोट जाईल इतकं. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाच्या पाळीखाली एकत्र यावेत. वेणी, अंबाडा किंवा मोठी क्लिप असेल तर हेल्मेट मागून उचललं जातं आणि कपाळ उघडं पडतं. केस मानेजवळ खाली बांधावेत. बुटाच्या नाड्या आत खोचाव्यात. ओढणी घरी राहिलेली बरी. आई साडी नेसून सायकल चालवणार असेल तर मागच्या चाकाला जाळी बसवलेली हवी. आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगण्यासारखी: लहान भावंडाला मागच्या कॅरिअरवर नुसतं बसवू नये. पाय ठेवायला जागा नसली की ते पाय चाकाकडे लोंबतात, आणि टाच आऱ्यांमध्ये जाते. या जखमा वाईट असतात, चामडी टाचेवरून सोलून निघते. पाय ठेवायची पट्टी आणि आऱ्यांवर जाळी, दोन्ही असतील तरच कॅरिअर.

रस्ता बंद करणाऱ्यांची तयारी याहून आधी सुरू होते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ आणि ११६ खाली वाहतूक शाखेची अधिसूचना निघते, ती कागदाची बाजू. खरी अडचण शनिवारी रात्री उभ्या केलेल्या गाड्यांची असते. सकाळी सहाला रस्ता बंद होतो, पण कडेला पंधरा मोटारी झोपलेल्याच असतात. साडेआठला त्यातल्या एकाचा मालक खाली येतो, त्याला सासूबाईंना स्टेशनवर आणायला जायचं असतं, आणि गाडी मुलांच्या मधून मागे घ्यावी लागते. त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बुधवारी इमारतींच्या जिन्यात चिठ्ठी, शुक्रवारी वॉचमनना तोंडी निरोप, शनिवारी रात्री नऊला एक फेरी, हे तिन्ही लागतं. दूधवाला, पेपरवाला आणि देवळापाशी फुलांची टोपली घेऊन बसणारी बाई यांना वगळून चालत नाही. त्यांना पायी किंवा सायकलने आत येऊ द्यावं, रस्ता त्यांचाही आहे.

बॅरिकेड दोन टोकांना लावलं की काम झालं असं वाटतं, पण गाड्या गल्ल्यांतून आत येतात. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी दोन माणसं हवीत. एकाने गाडीवाल्याशी बोलायचं, दुसऱ्याने तेवढ्यात मुलांकडे बघायचं. एकटा माणूस वाद घालत असतानाच त्याच्या पाठीमागून स्कूटर आत शिरते. एका बाजूला साडेतीन मीटरची एक लेन रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडीसाठी सगळा वेळ मोकळी ठेवायची. तिच्या तोंडावर साखळदंडाचं कुलूप नको, एका हाताने बाजूला होईल असा शंकू हवा.

दोरीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. बॅरिकेड कमी पडली की दोन खांबांमध्ये सुतळी किंवा नायलॉनची दोरी बांधतात, मोठ्या माणसाच्या कमरेच्या उंचीवर. सोळा इंची सायकलीवर बसलेल्या मुलाची मान नेमकी त्याच उंचीला येते. उगवत्या उन्हाकडे तोंड असेल तर ती दोरी दिसत नाही. दोरी बांधायचीच असेल तर हातभर अंतरावर रंगीत फडक्याच्या चिंध्या बांधाव्यात, आणि आधी गुडघ्यावर बसून, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून ती दिसते का ते पाहावं. गुडघ्यावर बसलं की आणखीही दिसतं: गटाराच्या झाकणाच्या फटी रस्त्याच्या दिशेने आहेत आणि बारीक टायर त्यात अडकेल, रबरी गतिरोधकाचा एक तुकडा निघून बोल्ट वर आलेला आहे, दुभाजकाच्या झाडांना टँकरने पाणी घातलं त्यामुळे पांढरे पट्टे निसरडे झाले आहेत. अशा जागांभोवती खडूने मोठं वर्तुळ काढलं तरी पुरतं. मुलं खडूला मान देतात.

जाणारे डावीकडून, येणारे त्यांच्या उजव्या हाताला, मधे शंकूंची रांग, एवढं सगळेच करतात. धडका होतात त्या वळायच्या जागी. तिथे मुलाचा वेग सगळ्यात कमी, म्हणजे हेलकावा सगळ्यात मोठा, आणि नेमकी तिथेच आईवडिलांची फोटो काढायला गर्दी. वळण सहा-सात मीटर रुंद ठेवावं आणि टोकाच्या चौकापासून वीस-पंचवीस पावलं आत घ्यावं. झुंबा आणि ढोलकी त्या टोकाला नकोत. आवाज मोठा असला की मागून दिलेली घंटी ऐकू येत नाही, आणि नाचणाऱ्यांचं रिंगण गाणं रंगेल तसं पसरत सायकलींच्या वाटेत येतं. मंच ठेवायचाच तर बाजूच्या गल्लीत, कर्ण्यांची तोंडं रस्त्याच्या उलट दिशेला.

गुडघे फुटतातच. साध्या पाण्याने आणि साबणाने माती निघेपर्यंत धुवायचं, मग पट्टी. माती आत ठेवून वर हळद दाबू नये. डोकं आपटलं असेल तर हेल्मेटला बाहेरून चीर नसली तरी ते पुन्हा वापरू नये, आतला थर्मोकोल एकदा दबला की पुढच्या वेळी धक्का घेत नाही. आणि मूल गप्प गप्प झालं, उलटी झाली किंवा पेंगायला लागलं तर थेट डॉक्टरकडे.

सगळ्यात कठीण वेळ शेवटच्या पंधरा मिनिटांची. दहाला रस्ता उघडायचा असेल तर पावणेदहाला शेवटची फेरी सुरू झालेली असली पाहिजे. दोन्ही टोकांची बॅरिकेड एकाच वेळी हलवली तर मधे अडकलेल्या मुलांवर दोन्हीकडून गाड्या येतात. म्हणून एका टोकापासून पाच-सहा स्वयंसेवकांनी रस्ताभर आडवी रांग धरून चालत निघावं, रांगेपुढे सगळ्यात हळू चालणारी सायकल. तिला घाई करायची नाही, तिच्या वेगानेच रांग सरकेल. रांगेच्या मागचा रस्ता रिकामा, एकेका गल्लीचं तोंड मागच्या मागे तपासत यायचं. दुसऱ्या टोकाला पोचल्यावर सगळ्यांनी उतरून सायकल हाताने फुटपाथवर चढवायची. तोवर तिकडे थांबलेल्या गाड्यांनी एक्सलरेटर पिळायला सुरुवात केलेली असते. बॅरिकेडशेजारी उभ्या असलेल्या माणसाने तेव्हा गाड्यांकडे पाहू नये. त्याने पाहायचं ते शेवटच्या मागच्या चाकाकडे, ते फुटपाथच्या कडेवर चढलं का. चढलं की हात वर.